वहिनीचे ऑक्टेनचे डबे

दादाची मोटार आमच्या घरापर्यंत कधीच आली नाही. रामघाटाच्या गल्लीत समोरून गाय आली तरी भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं, तिथे मोटार कुठली यायला! ती मैदागिनजवळ भाड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे. दादा रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर होता. रविवारी सकाळी तो आणि मी गल्ल्यांतून चालत शेडवर जायचो आणि दुपारी काळे हात घेऊन परत यायचो. आई म्हणायची, "लोक रविवारी गंगेवर जातात, ही दोघं ग्रीसमध्ये न्हाऊन येतात." बाबा पाठशाळेत वेद शिकवत. मोटारीबद्दल त्यांचं एकच म्हणणं असे, जेवायला बसण्याआधी हात नीट धुवा.

मोटार जुनीच होती, लहानशी, फिकट निळी. दादाने तिची मागची सीट काढून टाकली होती, स्प्रिंगा कडक बसवल्या होत्या आणि इंजिनाचं हेड घासून घेतलं होतं, म्हणजे आतला दाब वाढावा. दाब वाढला, जोरही वाढला, पण चढावर इंजिन खडखडायला लागलं. पत्र्याच्या डब्यात कुणी फुटाणे हलवावेत तसा आवाज यायचा.

"हे काय झालंय?" दादाने मला विचारलं. मी तेव्हा विश्वविद्यालयात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते, आणि घरात असा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

मी त्याला समजावलं. पेट्रोलने ठिणगीची वाट पाहायची असते. हलक्या पेट्रोलला तेवढा धीर नसतो, दाब वाढला की ते आधीच आपलं आपण पेटतं. पेट्रोलचा हा धीर मोजतात त्याला ऑक्टेन म्हणतात. त्या वर्षांत आमच्या शहरात एकाच प्रकारचं पेट्रोल मिळे आणि दादाच्या इंजिनाला पुरेल इतका धीर त्यात नव्हता. लोहटियाजवळ रंग आणि रसायनांचं एक दुकान होतं. तिथून मी पेट्रोलचा हा धीर वाढवणारं टोल्युइन आणवलं. रंगाच्या थिनरसारखा वास, पाण्यासारखं स्वच्छ. थोडं थोडं मिसळत, रामनगरच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर पळवून पाहत, मी प्रमाण बसवलं. थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायला फार त्रास द्यायची आणि पेट्रोलची एक रबरी नळी फुगून बदलावी लागली, पण खडखड थांबली. दादा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आपली घरची केमिस्ट!"

शहरातल्या हौशी लोकांचा एक मोटार क्लब होता. त्यांच्या चढाईच्या शर्यतींत दादा गाडी चालवी आणि मी डावीकडच्या सीटवर बसून पुढची वळणं ओरडून सांगत असे. त्या दोन वर्षांइतकी मी पुन्हा कुणाला हवीहवीशी वाटले नाही.

मग दादाचं लग्न झालं.

वहिनी कोल्हापूरची. तिच्या माहेरी मोटारींचं वेड तीन पिढ्यांचं होतं, भाऊ शर्यतीत उतरायचा आणि ती स्वतः वडिलांच्या शेजारी बसून घाट चढायला शिकली होती. हे दादाला मुलगी बघायला गेल्यावरच कळलं होतं, आणि तो परतला तेव्हा आगगाडीतून उतरल्या उतरल्या स्टेशनवरच मला त्याने हे सांगितलं. मुलगी दिसते कशी, हे आईला घरी आल्यावर विचारावं लागलं.

लग्नानंतर तिच्या सामानात एक खोका आला. आम्ही सगळे भोवती बसलो होतो. मला वाटलं, कोल्हापुरी चटणी असेल. आतून निघाले लहान लहान पत्र्याचे डबे.

"हे काय ग?" आईने विचारलं.

"ऑक्टेन बूस्टर, आई. पप्पांनी बाहेरून मागवलेत ह्यांच्यासाठी," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही टोल्युइन घालता ना? त्याचा एवढा मोठा कॅन लागतो. ह्याचं एवढंसं टोपण टाकीत ओतलं की झालं."

दादाने डबा हातात घेतला तो खालीच ठेवीना. मी पाहत होते. लग्नाच्या मांडवात मला रडू आलं नव्हतं. तेव्हा मात्र मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी प्यायले.

पुढच्या रविवारी तिघं शेडवर गेलो. वहिनीने टाकीत डब्यातला नारिंगी द्रव ओतला. रस्त्याला लागताना दादा चाकावर, ती डावीकडे. मागे सीटच नव्हती, म्हणून मी स्टेपनीवर बसले, दोन्ही हातांनी पत्रा धरून. चुनारच्या बाजूला चढ लागला. मी कान देऊन होते. खडखडू दे, एकदा तरी खडखडू दे, असं मनात म्हणत होते. इंजिन गोड आवाजात वर गेलं.

"वा!" दादा ओरडला. "काय चीज आहे!"

परतताना वहिनीने गाडी मागितली आणि दादाने दिली. मला त्याने आजवर शेडच्या बाहेर काढण्यापुरतीसुद्धा दिली नव्हती. ती गाडी चालवायची म्हणजे वेग कमी होतोय की वाढतोय ते पोटाला कळत नसे. गिअर बदलताना तिच्या बांगड्या वाजायच्या, तेवढाच आवाज. ती वाईट चालवत असती तर मला किती बरं वाटलं असतं.

घरात तर ती सगळ्यांचीच झाली. बाबा जेवताना तिला कोल्हापूरच्या देवळाबद्दल विचारत. आमच्या मराठीची ती थट्टा करी, पण अशी की आईसुद्धा हसे. मी म्हणाले, "गाडी सकाळपासून परेशान करतेय," तर ती म्हणाली, "वन्सं, परेशान काय, छळायलीय म्हणा की!" सगळे हसले. मी पण हसले. आतून जळत होते.

डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की त्यात मँगनीजचं संयुग आहे. मी ग्रंथालयात जाऊन वाचलं. अशा द्रवाने ऑक्टेन वाढतं हे खरं, पण धातू जळून जात नाही, त्याचा लालसर थर प्लगवर बसतो, आणि जास्त घातलं तर प्लग ठिणगीच धरत नाही. दादा तर टोपणाच्या जागी अर्धा डबा ओतायला लागला होता. एका संध्याकाळी अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर मी त्याला हे सगळं सांगितलं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "बरं, आणि टोल्युइनने नळी फुगली होती ते?"

"नळी बदलता येते. शर्यतीत मध्येच प्लग गेला तर काय करशील?"

"छोड ना. तुला तिचे डबे आवडत नाहीत, एवढीच गोष्ट आहे."

"मी रसायनशास्त्र सांगतेय, दादा."

"ते पण सांगतेयस," तो म्हणाला. मग नदीकडे बघतच पुढचं बोलला. "यंदाच्या चढाईत ती माझ्या शेजारी बसेल. तिचं नाव दिलंय मी. तुझी परीक्षा पण आहे ना."

परीक्षा लांब होती. रागापेक्षा जास्त मला हे टोचलं की त्याने बरोबर ओळखलं होतं. मी जे वाचलं ते खरं होतं आणि मी जळत होते हेही खरं होतं. त्या दोन गोष्टी माझ्या मलाच वेगळ्या करता येत नव्हत्या.

चढाई मिर्झापूरच्या पुढे डोंगरात होती. दोन फेऱ्या, त्यांतली चांगली वेळ धरायची. मी क्लबच्या जीपमधून सामानाबरोबर गेले. सामानात नवे प्लग होते, साधं पेट्रोल होतं आणि टोल्युइनचा कॅन होता. कॅन मी ठेवला होता. कुणाच्या भल्यासाठी ठेवला, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

पहिल्या फेरीत निळी गाडी सुटली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते. पहिल्या वळणावर ती सुंदर गेली. वरच्या वळणांवरून आवाज यायला लागला, तुटका, खोकल्यासारखा. इंजिन धरून सोडत होतं. कशीबशी वर पोचली आणि उतरताना तर दोनच सिलिंडरवर खाली आली.

दादा उतरला तो बॉनेट उघडून थेट प्लगच काढायला लागला. "थांबा, गरम आहे!" वहिनी ओरडली, पण पाना निसटला आणि त्याचा तळहात एक्झॉस्टच्या नळीवर पडला. तो किंचाळला. आम्ही दोघी धावलो. कुणीतरी पाणी ओतलं, क्लबच्या डॉक्टरने मलम लावून पट्टी बांधली. उजवा हात पार भाजला होता.

वहिनीने पदराने धरून प्लग बाहेर काढला. त्याच्या टोकावर विटेच्या रंगाचा चकचकीत थर होता. तिने तो उन्हात फिरवून पाहिला आणि सरळ माझ्याकडे आली.

"वन्सं, तुम्ही म्हणाला होतात ते हेच का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. मीच म्हटलं, उगाच घाबरतात त्या." तिने प्लग माझ्या हातात ठेवला. "तुमचं खरं होतं. आता काय करायचं ते सांगा."

हा क्षण मी किती वेळा मनात रंगवला होता! त्यात ती रडवेली असायची, दादा खजील असायचा. इथे ती नुसती पुढची आज्ञा मागत उभी होती. हरतानासुद्धा ती माझ्यापेक्षा सरस निघाली, याचा मला नव्याने हेवा वाटला.

"टाकी रिकामी करू," मी म्हणाले. "प्लग सगळे बदलू. मी मिश्रण करते."

आम्ही दोघींनी ते केलं. तिने नळी सोडवून पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं, नवे प्लग आवळले. मी मोजून टोल्युइन घातलं. दादा जीपच्या पायरीवर हात वर धरून बसला होता. "आता काय उपयोग," तो म्हणाला. "मला स्टिअरिंग धरता येत नाहीये."

"मला येतं," वहिनी म्हणाली.

संयोजक निवृत्त फौजी होते. शेजारी बसणाऱ्याची नोंद दुसरा चालक म्हणूनच होई, त्यामुळे तिचं नाव होतंच. त्यांनी विचारलं, "और बगल में कौन बैठेगा?" वहिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. दादाचं हेल्मेट माझ्या डोक्यावर डुगडुगत होतं, पट्टा कसून आवळावा लागला.

डावीकडच्या सीटवर बसले. सीट तीच होती, पण चाकावरचे हात दुसरे होते. निशाण पडलं. मी वळणं सांगू लागले, "डावं, लांब. उजवं, आवळत जातंय. आता सरळ, सोड!" घाईत मी तिला अगं-तुगं करत होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मी सांगितलेल्या प्रत्येक शब्दावर ती विश्वास ठेवायची. दादा माझं ऐकून स्वतः बघायचा, मग वळायचा. ही माझा शब्द पुरा व्हायच्या आत वळलेली असायची. इंजिन एकदाही खडखडलं नाही. वर पोचल्यावर तिने बांगड्या मागे सारल्या आणि हसत म्हणाली, "वन्सं, तुमचं पाणी भारी हाय!" कोल्हापुरी फुटली की ती खरी खूश असे.

आम्ही जिंकलो नाही. इलाहाबादच्या एका नव्या गाडीने बाजी मारली. पण दादाने त्या गाडीवर आजवर कधी दिली नव्हती इतकी चांगली वेळ आम्ही दोघींनी दिली होती. क्लबचे लोक वहिनीभोवती जमले, दोघा-तिघांनी मिश्रणाबद्दल मला विचारलं. दादा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून लांब उभा होता. "छान," तो म्हणाला. "छान चालवलीस." परतीच्या सबंध रस्त्यात तो खिडकीबाहेर बघत होता. स्टेपनीवर बसून मी जसं बघत होते, अगदी तसंच.

हात बरा झाल्यावर त्याने उरलेले डबे शेडमध्ये पाठीमागे सरकवले. पुढच्या चढाईला त्याने मला म्हटलं, "तूच बस. पहिल्यासारखं." वहिनीनेही आग्रह केला. मी महिनोन् महिने हेच मागत होते, म्हणून गेले, बसले, वळणं सांगितली. पण प्रत्येक वळणाला तो ब्रेक लवकर लावत होता. पूर्वीही लावत असणार, तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. सुरुवातीच्या रेषेपाशी वहिनी थर्मास घेऊन उभी होती, इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून. चुकीच्या माणसाच्या शेजारी बसलेय असं मला वाटलं, आणि ज्याच्यासाठी मी इतकी जळले तो माझा सख्खा भाऊ होता.

वर्ष-दोन वर्षांत दादाची बदली झाली आणि गाडी विकली गेली. माझं लग्न नागपूरला झालं. वहिनी अजूनही गाडी चालवते, दादा शेजारी बसतो. निवृत्तीनंतर दोघं पुन्हा आमच्या शहरात परतली. मध्ये एकदा गेले होते तेव्हा ती मला बाबतपूरच्या विमानतळावर घ्यायला आली होती. दादा मागे बसला आणि मला पुढे बसवलं. शहराकडे येताना ट्रकांच्या गर्दीतून ती वाट काढत होती, आणि इतक्या वर्षांनी, तिच्या हातांकडे बघताना, मला पुन्हा तिचा हेवा वाटला.