दादाचे न पोचलेले मेसेज

बाजारातल्या एका जिन्याखाली तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढंच. गिऱ्हाइकं तोंडावर ताई म्हणत आणि माघारी हट्टीताई. हट्ट एकच होता. ज्याचं पोट उघडून बघता येत नाही, ते खिशात ठेवायचं नाही. तिच्या फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप ओपन सोर्स होतं, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा असं.

तिचा थोरला भाऊ पुस्तकं बांधायचा. लहानपणी तापात दादाचे कान गेले. वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर बोलतच दोघं वाढली, त्यामुळे एसएमएस आले तेव्हा त्यांना घबाडच मिळालं.

पुढे लेकीनं दादाला नवा फोन दिला. त्यात सिमवरून चालणारे नव्या पद्धतीचे मेसेज होते, आरसीएस नावाचे. फोटो कसे लख्ख जायचे! दादा हरखला. बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाचा फोटो बहिणीला धाडू लागला. त्याच्या हौसेखातर ताईनं आपलं सिम दुकानातल्या एका फोनमध्ये घालून आठवडाभर ते वापरलंही. मग सिम परत आपल्या फोनमध्ये टाकलं आणि तिथंच माशी शिंकली. तिचा नंबर नव्या पद्धतीच्या यादीतच राहिला. दादाच्या फोनवरून मेसेज सुटायचे, पण तिच्या फोनमध्ये ते घेणारं अ‍ॅपच नव्हतं.

तीन दिवस काही आलं नाही. ताईला वाटलं, कामाची गर्दी असेल. चौथ्या दिवशी दादाच दुकानात आला. डाव्या हाताला पांढरंधोप बँडेज. त्यानं पावतीपुस्तक ओढून लिहिलं, ‘कागद कापताना बोट सापडलं. सहा टाके. चार मेसेज केले. रागावलीस का माझ्यावर?’

 ताई त्याचा हात धरून बसली.

त्याच दिवशी तिनं आपला नंबर त्या यादीतून काढला. साधे एसएमएस पुन्हा येऊ लागले, फोटो मात्र धुरकट. मग तीन रविवार ती आरसीएस चालवणारं ओपन सोर्स अ‍ॅप हुडकत बसली. एकही धड मिळेना. शेवटी आपल्या मेसेजच्या अ‍ॅपच्या कर्त्यालाच तिनं दादाच्या बोटाची हकिकत लिहून पत्र धाडलं. उत्तर आलं, ‘एसएमएसचं दार फोन सगळ्या अ‍ॅपना उघडून देतो. आरसीएसचं आमच्यासारख्यांना देत नाही. मागून मागून जिभेला फोड आले.’

ताईनं ते दोनदा वाचलं. मग फळीवरचा एक जुना फोन उतरवला, नवं सिम घेतलं आणि त्यात दादाच्या फोनमधलं, कोड न दाखवणारं बंदिस्त अ‍ॅप घातलं. त्यात नंबर एकच, दादाचा.

दादाला कळलं तसा तो तावातावानं आला. लिहिलं, ‘माझ्यापायी तत्त्व सोडू नकोस. मला धुरकट फोटो चालतील.’

‘तुला चालतील,’ तिनं खाली लिहिलं, ‘मला तुझी पुस्तकं नीट बघायचीयत. आणि तत्त्व सोडलं नाही, जरा सरकून बसायला सांगितलंय.’

दादा असा खदखदून हसला की बाहेरचं गिऱ्हाईक डोकावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फोनवर तीन ठिपके नाचू लागले. दादा काहीतरी लिहीत होता. एसएमएस एकदम समोर यायचा, आणि मागं त्या आठवड्यात दादानं नुसते फोटोच धाडले होते. तो लिहिताना किती थांबतो, खोडतो, पुन्हा सुरू करतो, हे एरवी तो समोर बसून कागदावर लिहायचा तेव्हाच दिसायचं. हातातलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न तिनं स्टँडवर ठेवलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, ‘जरा थांबा हं. भाऊ बोलतोय.’

बऱ्याच वेळानं मेसेज आला: ‘जेवलीस का?’

त्या अ‍ॅपच्या कर्त्याला ती अजूनही दर दोन महिन्यांनी विचारते, दार उघडलं का. नाही, असं तो दर वेळी कळवतो, आणि दादाचं बोट कसं आहे ते विचारतो.