रिकामी कोठी पाठवायची नसते

ट्रान्सपोर्टनं माल पाठवण्यात एक गंमत असते. माल ज्याचा त्याला पोचतो, किस्से मात्र आपल्याकडंच साठत जातात! आमच्या भिशीत हल्ली साड्यांचा विषय निघतच नाही. मी चप्पल काढायच्या आत बायका विचारतात, "नानांचं नवीन काय?"

नाना म्हणजे माझे सासरे. मूळचे गंगापूरकडचे शेतकरी. वाळूजला पत्र्याच्या कोठ्यांचं छोटं वर्कशॉप त्यांनीच उभं केलं. धान्य साठवायच्या कोठ्या, वर झाकण आणि खाली धान्य काढायचं तोंड. इतकी वर्षं प्रत्येक कोठी त्यांनी स्वतःच्या टेम्पोतून पोचवली. गंगापूर असो की सोयगाव, कोठी घरात नेऊन ठेवायची, चहा घ्यायचा, पोराबाळांची चौकशी करायची आणि मगच परत फिरायचं. टेम्पोची किल्ली करदोड्याला बांधलेली. अंघोळीलाही ती सुटत नसे.

दोन वर्षांपासून त्यांची कंबर धरते. डॉक्टरांनी बजावलं, टेम्पो आता बंद. नानांनी डॉक्टरांना एक कोठी विकली आणि ती पोचवायला टेम्पो घेऊन स्वतःच गेले!

*

सतीशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कोठ्यांचे फोटो मोबाईलवर टाकले आणि नागपूरच्या एका दुकानदाराची ऑर्डर आली. आम्हाला आनंद झाला. नानांना जरा जास्तच झाला. सकाळी उठून बघते तर ते टेम्पोच्या काचा पुसतायत.

मी सरळ टेम्पोपुढं जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं या घरात आहे, पण नानांना मी पहिल्यांदाच आडवी गेले. मला भीती वाटत होती, की हा माणूस एक दिवस रस्त्यातच कुठंतरी कंबर धरून बसेल. बरीच वादावादी झाली. शेवटी नाना म्हणाले, "एक खेप ट्रान्सपोर्टनं धाडू. बिघडली, तर मी हाय आन माझा टेम्पो हाय."

मला ती किल्ली करदोड्यावरून सुटलेली हवी होती. त्यामुळं नागपूरची खेप नीट जाणं गिऱ्हाइकापेक्षा मलाच जास्त गरजेचं होतं.

*

ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात शकीलभाई बसतात. कामाला चोख आणि बोलायला गोड. आम्ही वजनकाट्यावर वजनं करून गेलो होतो. त्यांनी ती बघितलीच नाहीत. टेप काढला आणि आम्ही नमुन्याला नेलेल्या कोठीची लांबी, रुंदी, उंची मोजायला लागले.

"भाभी, वजन नक्को देखो. गाडी में जगा कित्ती लेती, उसका भाडा रहता," ते म्हणाले.

नानांनी कोठीत डोकावून बघितलं. आत काहीच नव्हतं. "म्हंजी हवेचं भाडं द्यायचं?"

"हौ, चाचा."

नाना घरी आले. जेवताना ताटातल्या वाटीत त्यांनी दुसरी वाटी ठेवली, तिच्यात तिसरी ठेवली आणि हसले. दुसऱ्या दिवशी मोठ्या कोठीत मधली, मधल्या कोठीत लहान अशी सगळी ऑर्डर एकमेकींच्या पोटात गेली. झाकणं तारेनं घट्ट आवळली. आमचं भाडं एकदम उतरलं. नाना हवेला हरवल्याच्या थाटात वर्कशॉपभर फिरत होते.

*

बिल्टी, म्हणजे मालाची पावती, करताना शकीलभाईंनी विचारलं, माल काय? मी म्हटलं, रिकाम्या कोठ्या.

"रिकाम्या नायत," नाना मागून म्हणाले. "गहू हायेत."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडं नवी कोठी रिकामी द्यायची नसते. नाना प्रत्येक कोठीत मूठभर गहू टाकतात, म्हणजे ज्या घरी जाईल त्या घरी ती भरलेली राहते. टेम्पोत ठीक होतं, पण इथं धान्य म्हटलं की लिहायचं वेगळं आणि विचारणाऱ्यांचे प्रश्नही वेगळे!

शकीलभाईंनी पेन थांबवून विचारलं, गहू किती? नानांनी मूठ दाखवली. शकीलभाईंनी मुठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बिल्टीवर नुसतं "कोठ्या" लिहिलं. रिकाम्याही नाही आणि भरलेल्याही नाही. सगळ्यांचं समाधान झालं.

*

गाडी निघाली. सतीशनं नानांना मोबाईलवर ट्रॅकिंग शिकवलं. नकाशावरचा ठिपका बघून नाना म्हणाले, "ह्यो जेवला का नाय, ते कुठं दिसतं?"

मग त्यांनी ड्रायव्हरचा नंबर मिळवला. सुदाम त्याचं नाव. दर धाब्याला त्याला नानांचा फोन. कोठ्यांबद्दल एक शब्द नाही. जेवलास का, डोळा लागत असला तर गाडी बाजूला घे, घरी फोन केलास का. मला वाटलं, पोरगा वैतागून नंबर ब्लॉक करणार. उलट नागपूरला पोचल्यावर त्यानंच फोन केला आणि नानांना म्हणाला, "जेवलो बरं का. आता तुमी बी जेवा."

*

पण दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या दुकानदाराचा फोन आला. साहेब भडकले होते. ऑर्डर एवढी मोठी आणि हाती आल्या मोजक्या कोठ्या! बाकीचा माल कुठं गेला म्हणून त्यांनी सतीशला फैलावर घेतलं. मागं वळून बघते तर नाना नाहीत. बाहेर टेम्पोच्या चाकात हवा भरत होते.

सतीशनं शांतपणे एवढंच सांगितलं, "साहेब, झाकण उघडा."

पलीकडं तार तोडल्याचा आवाज आला. मग एक झाकण, मग दुसरं. मग साहेब हसायला लागले. एकमेकींच्या पोटातल्या कोठ्या गिऱ्हाइकाला सांगायच्या असतात, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं! साहेबांनी पुढची ऑर्डर तिथंच दिली. शेवटी त्यांनी विचारलं, प्रत्येक कोठीत गहू कसे सांडले? नानांनी फोन घेतला आणि बराच वेळ समजावून सांगितलं.

किल्ली मात्र करदोड्यालाच राहिली. नशिबानं निभावलं, असं त्यांचं मत पडलं.

*

महिन्याभरानं नागपूरहून एक कोठी दुरुस्तीला परत आली. खालच्या तोंडाची बिजागरी निखळली होती. नानांचा चेहरा उतरला. आमच्या हातून गेलेला माल आजवर कधी परत आला नव्हता. ती आणायला ते स्वतः ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेले, आणि टेम्पोत शेजारी मी.

शकीलभाईंनी बिल्टी पुढं केली, पण आधी स्वतःच वाचून दाखवली. "कोठी एक. रिकामी नाही."

नानांनी झाकण उघडलं. आत तळाशी मूठभर तूरडाळ होती.

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. कंबर दुखतेय का, असं मी विचारलं, तर नाही म्हणाले. डाळ त्यांनी रुमालात बांधून घेतली.

घरी आल्यावर करदोड्याची गाठ सुटेना. इतक्या वर्षांची गाठ ती! शेवटी दातानं सोडवली आणि किल्ली सतीशच्या हातावर ठेवली. रुमाल माझ्याकडं दिला.

"सूनबाई, आज याचं वरण लाव."

डाळ मूठभर आणि आम्ही खाणारे तिघं. मी पाणी जरा जास्त घातलं.