भाषण विरोधात, मत बाजूने

राज्याच्या विधानसभेतले आमचे प्रतिनिधी मूळचे नागपूरचे, आता इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये आमच्याच गल्लीत राहतात. सभागृहात शेवटच्या बाकावर बसतात. चिडले की आधी चष्मा काढतात आणि मग बोलतात. ‘हे रेकॉर्डवर यायलाच हवं!’ हे त्यांचं लाडकं वाक्य. मराठी मंडळात चहा गार मिळाला तरी तेच.

छोट्या गुन्ह्यांच्या खटल्यांतून ज्युरी, म्हणजे निवाडा करणारे साधे नागरिक, काढून टाकायचं बिल आलं, तेव्हा चष्मा काढून ते त्याविरुद्ध असे कडाडले की मला भरून आलं. सिटिझन झाल्यावर मीही ज्युरीत बसलोय. चोरीचा आळ आलेल्या एका मोलकरणीला आम्ही अनोळखी माणसांनीच निर्दोष सोडलं होतं. म्हणून मी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. भाषण संपल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पक्षाबरोबर बिलाच्या बाजूने मत दिलं. बिल पास झालं.

मंडळात मात्र नुसती भाषणाची क्लिप फिरली, आणि गणपतीत त्यांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. ऐन सत्कारात माझं डोकं फिरलं. मी उभा राहून ओरडलो, “काका, भाषण विरोधात आणि मत बाजूने? लाज नाही वाटत?”

काकांनी खांद्यावरची शाल सावरली. चष्मा काही काढला नाही.

“बरोबर विचारलंस. हे रेकॉर्डवर यायलाच हवं!” असं म्हणून ते माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. मग अख्खा हॉल वाजवायला लागला.

मी उभाच होतो. माझ्या प्रश्नाचंही नुसतं भाषण झालं होतं.