तळ पुसणारी हायके

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, हॅम्बर्ग शहरातील आमच्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरील कॉफीच्या खोलीत यापुढे तळ न पुसता कप टेबलावर ठेवण्यास पूर्ण मुभा आहे. ही मुभा मिळून दोन वर्षं होत आली. आजतागायत तिचा लाभ एकानेही घेतलेला नाही. चौदा माणसं अजून कप उचलतात, तळावरून तळहात फिरवतात आणि मगच तो टेबलावर टेकवतात. नवीन आलेला माणूस भांबावून विचारतो, हे काय? आम्ही एका सुरात सांगतो, "हायके."

घाबरू नका, हायके ठणठणीत आहे. आल्प्सच्या पायथ्याशी एका गावात लहान मुलींना कर्लिंग शिकवते आहे. पण आमच्या खोलीत ती होती तेव्हाची गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी मी कॉफीचा कप टेबलावर ठेवणार, इतक्यात एका उंच, रुंद खांद्यांच्या बाईने तो माझ्या हातातून काढून घेतला. डोक्याच्या वर धरला, खालून पाहिला, तळावरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

"केस होता," ती म्हणाली. "एक."

"एका केसाने काय होतं?" मी विचारलं.

"हरायला होतं."

एवढं बोलून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, बाई थोडी सटकलेली दिसते. पुढच्या सात वर्षांत माझं हे मत बदललं नाही. फक्त तसं सटकणं आपल्याला जमणार नाही याचं वाईट वाटू लागलं.

हायके कर्लिंग खेळायची. म्हणजे आमच्याकडे सॉफ्टवेअर तपासायची ती पोटासाठी; बाकी सगळा जीव बर्फावर. चाळीसेक मीटर लांब बर्फाची पट्टी, तिच्या टोकाला रंगीत वर्तुळं, आणि वीसेक किलोचा गुळगुळीत दगड घसरवत त्या वर्तुळाच्या मधोमध नेऊन थांबवायचा. संघात चौघीजणी. एक दगड सोडते, दोघी त्याच्यापुढे ब्रश घासत पळतात, म्हणजे बर्फ किंचित गुळगुळीत होऊन दगड लांब जातो, आणि कप्तान पलीकडच्या टोकाला उभी राहून ओरडते. दगडाखाली एक केस आला तरी तो वाट सोडून भरकटतो. म्हणून दगड सोडण्याआधी तो उलटा करून तळ पुसायचा. बावीस वर्षं दगडांचे तळ पुसणाऱ्या हाताला कप आणि दगड यांतला फरक कळेनासा झाला होता.

संघात ती पहिली. "पहिले दोन दगड माझे," ती सांगायची. "नंतरच्या सहा दगडांपुढे मी झाडणार. शेवटचा दगड कप्तानाचा. आणि फोटोही कप्तानाचा." हे सांगताना चेहऱ्यावर तक्रारीचा मागमूस नसायचा. उलट कुणी कीव केली की तिला राग यायचा. "पहिला दगड चुकला तर पुढच्या सातांनी काय करायचं?"

गळ्यात स्टॉपवॉच. दगडाची गती त्यावर मोजायची सवय, त्यामुळे ती सगळंच मोजायची. लिफ्ट, कॉफीचं मशीन, माझी घरमालकाशी फोनवरची भांडणं. कर्लिंगमध्ये दगडाच्या वेगाला 'वजन' म्हणतात. एकदा आमच्या मोठ्या साहेबांनी कंपनीच्या भविष्यावर उत्कट भाषण केलं. टाळ्या संपल्यावर हायकेने घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "चौदा मिनिटं बावीस सेकंद. वजन कमी पडलं. वर्तुळापर्यंत आलंच नाही."

या खेळात पैसा नाही. तिचा वर्षाचा सगळा उरलाउब, म्हणजे हक्काची रजा, सामन्यांत जायचा. समुद्रकिनारा तिने बहुधा विमानातूनच पाहिला असावा. दर शुक्रवारी दुपारी तिचे ग्राहकांचे फोन मी घ्यायचे आणि सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर कागदी पिशवीत फ्रान्झब्रोटशेन नावाचा दालचिनी घातलेला गोड पाव यायचा. पिशवीचा तळ पुसलेला असायचा, हे सांगायला नकोच.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका जाकिटासाठी. देशातली अंतिम फेरी जो संघ जिंकतो, तो युरोपच्या स्पर्धेला जातो आणि त्याला छातीवर गरुड असलेलं जर्मनीचं जाकीट मिळतं. हायके तीनदा अंतिम फेरीत पोचली होती आणि तीनदा हरली होती. तिच्या घरी दाराशी चार खुंट्या होत्या. तीन खुंट्यांवर कोट, छत्री, ब्रशची पिशवी. चौथी रिकामी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने माझा कोट तिच्यावर अडकवला. हायकेने तो काढला, खुर्चीवर नीट घडी करून ठेवला आणि म्हणाली, "ही राखीव आहे." मी त्या खुंटीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका खुंटीपुढे मला ओशाळल्यासारखं झालं.

कर्लिंगमध्ये जिंकलेल्या संघाने हरलेल्यांना पहिला पेला पाजायचा असतो. हायके म्हणायची, "अंतिम फेरीनंतर मी आजवर बिअर विकत घेतलेली नाही. तेव्हा एकदा घ्यायची आहे."

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिने राहायला आल्या. आमच्या आई म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या कॅरमपटू. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एक कप आहे. बँकेच्या महिलांच्या स्पर्धेत, शेवटच्या बोर्डात, दातारबाईंना हरवून मिळवलेला. लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा कांदेपोह्यांच्या आधी मला तो कप दाखवण्यात आला होता. दातारबाई अजून रोज सकाळी बागेत भेटतात आणि अजून म्हणतात, "राणी तिथे आली कशी, मला काही उमगलं नाही हो." यावर आईंचं उत्तर ठरलेलं. "खेळता येत नसलं की असंच वाटतं."

मी त्यांना हायकेच्या सामन्याला नेलं. साडीखाली थर्मल, पायांत बूट, वर माझ्या नवऱ्याचं जाकीट. पाच मिनिटं त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि मग माझ्या मांडीवर चापट मारली.

"अगं, हा तर कॅरम! आणि त्या दोघी काय करतायत माहितेय का? स्ट्रायकरच्या पुढे पावडर टाकत पळतायत!"

मी सात वर्षांत जे नीट समजून घेतलं नव्हतं ते त्यांना पाच मिनिटांत कळलं. मग त्या रंगल्या. इतक्या, की समोरच्या संघाचा दगड घसरून वर्तुळाबाहेर गेला तेव्हा त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. "गेला, गेला! बरं झालं!" अख्खा हॉल वळून आमच्याकडे पाहू लागला. मी तत्परतेने माझ्या बुटाची नाडी बांधायला वाकले. बुटाला चेन होती.

सामना संपल्यावर हायके आमच्याकडे आली. आमच्या घरी सगळे 'आई' म्हणतात, म्हणून तिला ते नावच वाटायचं. "फ्राऊ आई," ती अदबीने म्हणाली, "इथे चुकीला टाळी वाजवत नाहीत. ती चूक उद्या माझीही असेल."

मी भाषांतर केलं. आईंनी मान हलवली. "बरोबर आहे तिचं. पण मग मजा काय?"

पुढच्या रविवारी हायके आमच्याकडे जेवायला आली. कॅरमबोर्ड मांडलेलाच होता. तिने स्ट्रायकर हातात घेतला, उलटा केला आणि तळ पुसला. आई हरखल्या. "पोरीला रीत आहे हो!" म्हणाल्या आणि पहिल्या बोर्डात तिला एकही सोंगटी घेऊ न देता हरवलं. मग ओघाने दातारबाईंची कथा आली. मी भाषांतर करत होते, हायके शांतपणे ऐकत होती.

"पंच कोण होता?" तिने विचारलं.

"आमचे शाखाधिकारी," आई म्हणाल्या. "पण ते नेमके चहा घेत होते."

"आमच्याकडे पंचाचं फार काम पडत नाही," हायके म्हणाली. "चालत्या दगडाला जिचा ब्रश लागला, तिनेच हात वर करायचा."

"आणि नाही केला तर?"

हायकेने बराच वेळ विचार केला. खरोखर आठवून पाहत असावी. "तसं कुणी केल्याचं मला माहीत नाही," ती म्हणाली.

"भात लागेल," असं म्हणत आई ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या. आमचा भात कुकरमध्ये होतो. तो आपणहून बंद होतो.

त्या वर्षीची अंतिम फेरी आमच्याच गावात, हॅम्बर्गला होती. हायके त्रेचाळीस वर्षांची. ज्या गुडघ्यावर बसून घसरत जायचं त्याच्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या. "या हंगामानंतर गुडघा माझं ऐकणार नाही," तिने मला लिफ्टमध्ये सांगितलं, आणि तिसरा मजला येईपर्यंतचे सेकंद मोजले. म्हणजे ही चौथी वेळ आणि शेवटची. समोरचा संघ दक्षिणेकडचा, सगळ्या विशीतल्या मुली. माझ्या कंपनीतले अकराजण आले होते, साहेबांसकट. आई पहिल्या रांगेत, हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. "चुकून टाळी वाजायला नको," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी हायके कशी खेळली हे सांगायला माझी भाषा तोकडी आहे, आणि मी बोलायला कमी पडणारी बाई नव्हे. ती खाली बसून घसरायची तेव्हा गुडघा, पाठ, हात, दगड ही सगळी एकच वस्तू वाटायची. दगड सोडताना बोटं अशी अलगद उघडायची, जसा झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा. आणि मग उठून ती झाडायला पळायची. दुखऱ्या गुडघ्यावर, सहा दगडांपुढे, डावामागून डाव. तोंडाने एक शब्द नाही. साहेब मला हळूच म्हणाले, "ही बाई आपल्याकडे बटणं दाबून बघते?"

गुण समान. शेवटचा डाव, शेवटचा दगड, आणि तो आमचा. कप्तानाने तो मधल्या ठिपक्याशी, समोरच्यांच्या दगडापेक्षा जवळ थांबवला की जाकीट.

कप्तानाने दगड सोडला. वजन थोडं कमी. हायके आणि तिची जोडीदार ब्रशवर अक्षरशः अंग टाकून झाडत होत्या. दगड वर्तुळात शिरला, मंद झाला. आईंनी माझं मनगट धरलं. आणि एकाएकी हायके ताठ उभी राहिली. ब्रश वर घेतला. दुसरा हात उंच केला. जोडीदारही चमकून थांबली. दगड मात्र कुणाकडेही न बघता आपल्या नादात पुढे गेला आणि ठिपक्यावर जाऊन थांबला.

आम्ही उठून ओरडलो. साहेबांनी मला मिठी मारली. माझ्या डोळ्यांपुढे ती चौथी खुंटी आली. मग एकेक जण गप्प होत गेला, कारण हायकेचा हात अजून वरच होता.

"काय झालं गं?" आईंनी विचारलं.

"तिचा ब्रश दगडाला लागला, असं म्हणतेय."

"कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही, अहो आई. ती स्वतःच सांगतेय."

समोरच्या संघाची कप्तान तिथे आली. कोवळी पोरगी. आता निर्णय तिचा. दगड राहू द्यायचा की उचलायचा, हे नियमाने तीच ठरवणार. हॉल इतका शांत होता की त्यांचं बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

"नक्की?" पोरीने विचारलं.

"गेनाऊ, अगदी नक्की. माझा ब्रश."

पोरगी हलेना. ती हायकेच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचेच डोळे भरून आले होते. तेव्हा हायके तिला म्हणाली, "मला बघू नकोस. दगड बघ."

पोरीने दगड पायाने वर्तुळाबाहेर सरकवला. संपलं. हायकेने हातमोजा काढला आणि सगळ्यांत आधी तिच्याशी हात मिळवला, मग बाकीच्या तिघींशी. नंतर, तिच्या संघातल्या बाकीच्या मान खाली घालून उभ्या असताना, ती लंगडत त्या बाजूला काढलेल्या दगडाशी गेली. तो उलटा केला. तळावरून तळहात फिरवला. बघितलं काही राहिलंय का. आणि त्याच्या रांगेत, त्याच्या जागी, नीट ठेवून दिला.

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवावीशी वाटत होती, पण हात उचलत नव्हते. साहेब खाली मान घालून चष्मा पुसत होते. आणि त्या शांततेत माझ्या शेजारी आमच्या आई, माझ्या नवऱ्याच्या जाकिटातून बाहेर आलेला पदर घट्ट मुठीत धरून, उभ्या राहिल्या आणि अख्ख्या जर्मन हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "दातारबाई, राणीला माझा पदर लागला होता हो!"