पेरूच्या घरचा माणूस

मरोळमध्ये गाव होतं असं सांगितलं की माझी सून आता हसते. तिला मरोळ म्हणजे कारखाने, ट्रक आणि मेट्रोचे खांब. पण ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला पाठ टेकून खरंच एक गाव बसलेलं होतं. कौलारू घरं, अंगणात कोंबड्या, मधोमध विहीर आणि कुत्री. कुत्रीच कुत्री. मी लालबागच्या चाळीत वाढलेली. तिथे खोलीत माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती, कुत्र्याला कोण विचारतो! त्यामुळे माप ओलांडताना एक पांढरा कुत्रा येऊन माझा शालू हुंगायला लागला तेव्हा मी जी किंचाळले, तिची आठवण सासरी पुढे कित्येक वर्षं निघत होती.

कुत्री पाळलेली होती, पण नेमकी कुणी पाळलेली हे त्यांनाही माहीत नसावं. ज्या घरी मासळी त्या घरी मुक्काम. तो पांढरा म्हणायला आमचा, पण सोमवारी आमच्याकडे वरणभात, म्हणून सोमवारी तो आम्हाला ओळख दाखवायचा नाही. पट्टा, बिल्ला, लायसन असली भानगड गावात कुणी केली नव्हती. कुत्रे धरायची गाडी रस्त्याच्या तोंडाशी दिसली की जो पहिला पाहील त्याने ‘गाडी!’ म्हणून ओरडायचं, आणि ज्याचं दार जवळ त्याने हाताला लागेल ते कुत्रं आत ओढून कडी लावायची. कुणाचं आहे हे विचारायचं नाही. नव्या नवरीच्या स्वयंपाकघरात अशी तीन-तीन परकी कुत्री कोंडलेली असायची आणि मी पाटावर पाय वर घेऊन भाकऱ्या थापायचे. मला कुत्री आवडत नव्हती. आजही फारशी आवडत नाहीत, उगाच खोटं कशाला सांगू.

एकाच कुत्र्याचं घर पक्कं होतं. आमच्या शेजारी, पेरूच्या झाडाखालच्या घरात एक म्हातारी एकटीच राहायची. नवरा गेलेला, मुलगा आखातात गेला तो तिकडचाच झालेला. तिच्याकडे एक तांबडा कुत्रा होता. मासळीच्या वासानेही तो तिचं अंगण सोडायचा नाही. म्हातारी त्याच्याशी दिवसभर भांडायची आणि तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, “नवऱ्यान ऐकला नाय तेवढा ह्यान ऐकल्यान.”

दर मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायचा. गावात नळ आला होता, पण उन्हाळा तापला की तो नुसता फुसफुसायचा, आणि मग सगळ्यांना विहिरीची आठवण व्हायची. कामाला प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा, अशी रीत. सकाळी पिठाच्या गिरणीवाले काका विहिरीच्या कठड्याजवळ उभे राहून घरांना हाका मारायचे. माणसांची नावं घ्यायची नाहीत, घराची खूण सांगायची. “चिंचेचं घर?” कुणीतरी ओरडायचं, “आलं!” “वळणावरचं?” “आलं!” “निळ्या दाराचं?” “आलं!” मग गावातली सगळ्यात वयस्क बाई आलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर लाल नाडा बांधायची. विहिरीत साती आसरांचा, पाण्यातल्या सात देवींचा वास, म्हणून नाड्याचे सात वेढे. नव्या झऱ्यांचं पाणी दिसेपर्यंत तो सोडायचा नाही. आणि घर बंद पडलं, कुलूप लागलं, की ते हाकेतून गळायचं. काका पुढच्या घरावर जायचे, बस्स.

नाडा बांधायचा मान पेरूच्या घरच्या म्हातारीचा होता. ती नाडे बांधायची आणि मग स्वतःही पदर खोचून घमेली उचलायच्या रांगेत उभी राहायची. पण माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात तिचे गुडघे धरले. अंगणातून ओट्यावर चढायचं तरी ती भिंतीला हात लावून चढायची. सासूबाईंनी मला सांगून पाठवलं की, या वर्षी तुम्ही कामाला येऊ नका, तुमच्या वाटचं आम्ही करू.

मी आपली निरोप सांगायला गेले. म्हातारी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, निरोपाऐवजी शिवी दिली की काय मी.

“माझ्या वाटचं तुम्ही करणार? मग हाक कोण देणार? काका पेरूचं घर म्हणतील आणि गप? कुलूप लागलंय का माझ्या घराला?”

“तसं नाही हो आजी. तुम्हाला त्रास नको म्हणून.”

“त्रास माझा मी बघीन. एकदा हाक चुकली ना, पुढच्या वर्षी विसरतात. मग मेल्यासारखंच. मी अजून आहे म्हणावं. माणूस पाठवीन मी.”

माणूस कुठून आणणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गाळ काढायच्या रविवारी ती काठी टेकत नाडे बांधायला आली. काकांनी हाक दिली, “पेरूचं घर?” म्हातारीने तांबड्याच्या मानेला धरून त्याला पुढे ढकललं. “आलं!” सगळे हसायला लागले. ती नाही हसली. “चपला आणि जेवणाचे डबे राखील. दरवर्षी बाहेरची पोरं चपला पळवतात, तेव्हा कोण राखतं? हसायला काय झालं?” काका डोकं खाजवत म्हणाले, “खरं आहे. आलं म्हणजे आलं.” मग म्हातारीने माझ्या मनगटावर बांधला तसलाच लाल नाडा तांबड्याच्या गळ्यात बांधला आणि त्याला रस्त्याकडेला काढलेल्या चपलांच्या ढिगाजवळ बसवून ती घरी गेली. तो बसला. आमच्या पांढऱ्याला सांगितलं असतं तर त्याने आधी डबे उघडले असते.

आता खरी गंमत. आदल्या वर्षी एक कुत्रं उत्साहाच्या भरात विहिरीत पडलं होतं आणि त्याला घमेल्यात बसवून वर काढावं लागलं होतं. म्हणून काकांनी या वर्षी युक्ती काढली. गावातली बाकीची सगळी कुत्री मासळीची डोकी दाखवून गोळा केली आणि रस्त्याकडेच्या चिंचेखाली ओळीने बांधून टाकली. पायात पायात नको. “झकास!” सगळे म्हणाले. ज्या गावाने कधी एका कुत्र्याला दोरी लावली नाही, त्याने तेवढ्या एकाच दिवशी सगळी बांधली, तीही रस्त्यावर आणि एकत्र.

भाड्याच्या पंपाने पाणी उपसलं होतं, तो अजून धडधडत होता. बाप्ये खाली चिखलात, आम्ही बायका वर रांगेत, घमेली या हातातून त्या हातात. उन्हाने डोकं तापलेलं, पण मजा येत होती. चाळीत पाण्यावरून भांडणंच पाहिली होती मी, पाण्यासाठी इतकी माणसं हसताना पहिल्यांदा पाहत होते. तेवढ्यात सासूबाई भाताचं पातेलं घेऊन येत होत्या, त्या रस्त्याच्या कडेला थबकल्या आणि पातेलं खाली ठेवून ओरडल्या, “गाडी इली गो! कुत्रे गेले!”

आम्ही धावलो. चिखलाने माखलेलं अख्खं गाव, अनवाणी. चिंचेखाली नुसत्या कापलेल्या दोऱ्या लोंबत होत्या. कुत्री गाडीच्या जाळीमागे. आणि तांबडा? तो बांधलेला नव्हता, त्याला पळता आलं असतं. पण तो चपलांपाशीच बसून राहिला होता. लोखंडी चिमट्यात मान धरून त्याला उचलत होते, तरी त्याचं तोंड चपलांकडेच होतं.

कुत्र्यांना भिणारी मी, पण माझ्या डोक्यात एकच. घरी जाऊन म्हातारीला सांगायचं काय? तिने एकुलता एक माणूस पाठवला होता.

काका गाडीवाल्याशी भांडत होते. तो गडी शांत होता. “काका, तुम्ही म्हणता पाळलेली आहेत, मग पट्टा कुठाय? बिल्ला? काहीतरी दाखवा ना. मला ऑर्डर आहे. बेवारशी उचलायची.”

तोवर आरडाओरडा ऐकून म्हातारी आली. काठी, भिंत, कुंपण, जे हाताला लागेल ते धरत आली. गाडीच्या जाळीला हात लावून म्हणाली, “तो तांबडा खाली काढ. माझ्या घरचा माणूस आहे तो. कामावर आलाय.”

“आजी, माणूस?” गाडीवाला हसला.

“गळ्यात बघ त्याच्या. आणि ह्यांच्या हातात बघ.”

कुणी सांगितलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी चिखलाचे हात वर केले. प्रत्येक मनगटावर तोच लाल नाडा. त्याने वाकून जाळीतून पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. मग दार उघडून तांबड्याला खाली सोडलं. “हा घरचा. दिसतंय. बाकीच्यांच्या गळ्यात काय आहे?”

काही नव्हतं. आमचा पांढरा जाळीला नाक लावून माझ्याकडे बघत होता, आणि माझे डोळे भरून आले, कुणाला खरं वाटणार नाही. नाडा सोडायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत होतं. विहिरीत अजून नवं पाणी दिसलं नव्हतं. सगळे म्हातारीकडे बघायला लागले.

“सोडा,” ती म्हणाली. “मी बांधलाय, मी सांगते. आसरांना मी बघून घेते.”

सात वेढे उलगडले की नाडा कुत्र्याच्या गळ्याला पुरतो. गाडीवाला एकेक कुत्रं खाली उतरवत होता आणि आम्ही बांधत होतो. गावभर दरारा असलेले काका एका खरुजलेल्या लंगड्या कुत्रीपुढे उकिडवे बसून गाठ मारत होते. पांढऱ्याच्या गळ्यात मी बांधला. तोवर मी त्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता. “बिल्ले काढून घ्या रे बाबांनो, दुसरा कुणी आला तर नाडा बघणार नाही,” असं सांगून गाडीवाला गेला. आणि संध्याकाळी झरे फुटले. आसरा रागावल्या नव्हत्या.

त्या थंडीत म्हातारी गेली. मुलगा आला, दिवस केले, दाराला कुलूप लावून परत गेला. तांबडा मात्र कुलपाखालीच झोपायचा. सासूबाई माझ्या हाती त्याला भाकरी पाठवायच्या, आणि मी ती पेरूखाली ठेवून यायचे.

पुढचा मे आला. नाड्यांचं ताट आता सासूबाईंच्या हातात होतं. काकांनी हाका सुरू केल्या. चिंचेचं आलं, वळणावरचं आलं, आमचं आलं. मग ते एक श्वास थांबले आणि पुढे म्हणाले, “निळ्या दाराचं?” रीतच होती ती, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मी सहज मागे पाहिलं, तर चपलांच्या ढिगाजवळ तांबडा येऊन बसला होता. त्याला कुणी आणलं नव्हतं.

वडीलधाऱ्यांसमोर तोवर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. “काका, पेरूचं राहिलं,” मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं. सासूबाईंनी ताटातला नाडा उचलला होता.

“पेरूचं घर?” काकांनी हाक दिली.

“आलं!” मी ओरडले.