फ्लॅशला फवारणीच्या पंपाची बॅटरी

सहा व्होल्टवर चालणाऱ्या फ्लॅशला मी बारा व्होल्टची बॅटरी जोडली. चुकून नाही, चांगला विचार करून.

तिसगावात माझं फोटोचं दुकान होतं. मोबाईल आले आणि दुकान बसलं. पुढे बायको गेली. तेव्हापासून मी जुन्या फ्लॅशना बाहेरून वीज देणारे डबे बनवत असतो. या फ्लॅशना चार सेल लागतात आणि ते लवकर मान टाकतात. म्हणून सेलच्या मापाचे लाकडी ठोकळे आत बसवायचे, त्यांच्या टोकांना स्क्रू, स्क्रूला वायर, आणि वायर बाहेरच्या मोठ्या बॅटरीला. ठोकळ्यांसाठी मी घरातलं लाटणं कापलं आणि कानशीने घासून बारीक केलं. पोळ्या तशाही खानावळीतून येतात. डबे बरेच झालेत, गिऱ्हाईक एकही नाही. पण फ्लॅश भरताना बारीक कुंई असा आवाज करतो, तो मला बरा वाटतो. संध्याकाळी घरात तेवढंच काय ते बोलतं.

समोर ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम राहतात. दिवाळी झाली की आमची गल्ली कारखान्याकडे निघते. दारांना कुलपं लागतात ती उन्हाळ्यापर्यंत. मग गल्लीतली कुत्रीसुद्धा भाकरीच्या शोधात बाजारतळाकडे सरकतात, माझ्याकडे काही मिळत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी मी मुकादमांना म्हणालो की टोळीचे फोटो काढून देतो, तेही फुकट. सगळ्यांचा मिळून एक नाही, प्रत्येक कोयत्याचा वेगळा. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. जितके कोयते तितका वेळ गल्ली भरलेली, एवढा साधा हिशोब.

अडचण फ्लॅशची. तो एकदा उडाला की पुन्हा भरेपर्यंत पुढची जोडी उठून भांडी बांधायला जाणार. मी म्हटलं, सहावर रांगतो तर बारावर पळेल. फवारणीच्या पंपातली बॅटरी काढली, डब्यात बसवली आणि पट्ट्याने खांद्याला अडकवली.

दिवस मावळता मावळता सगळे जमले. पहिला मान मुकादम आणि वहिनींचा. फ्लॅश असा लखलखला की वहिनींनी डोळ्यांवर पदर घेतला. मग तो कुंई आवाज चढत चढत गेला, शिटीसारखा झाला आणि थांबला. फ्लॅशमधून धूर निघाला. गल्लीभर हसू. एकाने सुचवलं की आता डबा पाठीला बांधून कपाशीवर मारून या.

मी ओट्यावर बसून फ्लॅश उघडला. पाच मिनिटं थांबा म्हणालो. वायर बदलली, ठोकळे काढले, पुन्हा घातले. मधे सगळ्यांना चहा सांगितला. स्क्रू फिरवला की कुणीतरी वाकून बघायचं, आपलं मत द्यायचं, मग दुसरा त्याला वेड्यात काढायचा. कारखान्यावरच्या गोष्टी निघाल्या, मागच्या साली चिखलात फसलेल्या गाडीची गोष्ट निघाली. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि जळालेल्या फ्लॅशमध्ये स्क्रू ड्रायव्हर फिरवत होतो. पूर्ण अंधार पडला तरी माझी पाच मिनिटं संपली नव्हती.

शेवटी मुकादमांनी ट्रॅक्टरचे दिवे लावले. त्या उजेडात एकेक कोयता उभा राहिला, सगळ्यांचे डोळे बारीक. फोटो झाले आणि माणसं भराभर पांगली. मी डबा खांद्यावरून उतरवत होतो. चहाचे कप गोळा करत वहिनी जवळ आल्या.

"भावजी, ते यंत्र धूर निघाला तवाच मेलं हुतं, मला बी कळत हुतं. तुमाला मानसं बसवून ठेवायची हुती. तर तसं बोलायचं. आमचं सगळं बांधायचं राहिलं की तुमच्यापायी."