ज्याला जीभ हाय, त्यो भात

हिरेमठ सर गेल्याचं कळलं तेव्हा मी अकरावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. फोन टेबलावर थरथरला आणि थरथरतच राहिला. आमच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी सरांचा जुना फोटो टाकला होता. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, हातात काठी, पाठीमागं राधानगरीचं धरण. त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. त्या रांगेत उभं राहायला मला जमलं नाही. वह्या मिटल्या, रिक्षा केली आणि थेट मंगळवार पेठेतलं सरांचं घर गाठलं. सरांना लिंगायत रीतीप्रमाणं बसवलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात हार. वर्गात बसायचे तसेच ताठ बसले होते. पाया पडताना मला वाटलं, आता मान वर करतील आणि विचारतील, "आठवलं काय गं?" पंचवीस वर्षं हा एकच प्रश्न ते मला विचारत होते. उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते मी त्यांना दिलं ते शेवटच्या पावसाळ्यात, आणि तेही अर्धंच...

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. घरातली कशाला, आख्ख्या आळीतली. हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही, छाती फुगते. पण राधानगरीकडच्या आमच्या गावातून कोल्हापूरला बीएस्सीला आले तेव्हा छाती बरगड्यांत चिकटलेली होती. आमच्याकडं बायका 'मी आलो', 'मी गेलतो' असंच बोलतात. पहिल्याच तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. "उशीर का झाला?" म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "यश्टी चुकली, मी चालत आलो." ते हसले. "मुलगा आहेस की मुलगी?" म्हणाले. सगळी लॅब खिदळली. मी मान खाली घातली ती घातलीच. तेवढ्यात कोपऱ्यातून हिरेमठ सरांचा आवाज आला, "हसू नका सर. माझी व्याकरण आणि हिची व्याकरण एकाच शाळेत नापास झाली!" लॅब आणखी हसली, पण हसण्याचं तोंड माझ्याकडून सरांकडं वळलं. मुद्दाम वळवून घेतलं होतं त्यांनी, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सरांचं घर कन्नड. गाव सीमेपलीकडं. शिकायला कोल्हापूरला आले तेव्हा मराठी पोटापुरती येत होती. 'ती पाऊस आली', 'माझी डोकं दुखते' असं बोलायचे, आणि तालमीतली पोरं त्यांना मुद्दाम बोलतं करून हसायची. मग त्यांनी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, पुठ्ठा उडालेला एक लॅटिनचा शब्दकोश उचलला आणि त्यात तोंड लपवलं. "लॅटिन कुणाच्याच घरात बोलत नाहीत," ते आम्हाला सांगायचे, "म्हणून ती मला बरी वाटली. तिथं तुझी शुद्ध आणि माझी अशुद्ध अशी काय भानगडच न्हाई. सगळेच पावणे!" मला हे वाक्य औषधासारखं लागू पडलं. वनस्पतींची लॅटिन नावं मी पाढ्यासारखी पाठ केली. शहरातल्या पोरींची जीभ जिथं वळत नव्हती, तिथं माझी सरसर चालायची.

त्या शब्दकोशात सरांचा एक लाडका शब्द होता. लिंग्वा. म्हणजे जीभ. त्या पानाचा कोपरा तेलकट झाला होता. रोमन लोकांनी त्या एका शब्दाला किती कामांना जुंपलं होतं, हे सांगताना सरांना भूक-तहान राहायची नाही. तोंडातली जीभ ती लिंग्वा, आणि तिच्यावरची भाषा तीही लिंग्वाच. पाण्यात घुसलेली जमिनीची पट्टी लिंग्वा. सनईत, पिपाणीत जी पातळ पट्टी थरथरते ती लिंग्वा. याच शब्दाचं लेकरू म्हणजे 'छोटी जीभ'. तो शब्द त्यांनी चमच्याला लावला, बुटाच्या आतल्या पट्टीला लावला. धरणाच्या सहलीला पाण्यात शिरलेली डोंगराची सोंड दाखवून सर म्हणाले होते, "रोमन मनुष्य इथं उभी असती तर याला लिंग्वा म्हणली असती." आमच्यातला एक जण म्हणाला, "सर, रोमन माणूस हितल्या पावसात उभा राहिला असता तर त्याचीच लिंग्वा बाहेर आली असती!" सर काठी टेकून हसले. बुटाची गोष्ट निघाली तेव्हा मीही धीर करून बोलले, "सर, कोल्हापुरी चपलेला कान असतात, जीभ नसते." "तरी सगळ्यात जास्त तीच बोलते की गं!" आणि सरांनी आपल्या पायातली चप्पल कर्रकर्र वाजवून दाखवली. अजून एक गोष्ट ते हमखास सांगायचे. पूजेला सुरुवात करताना रोमन पुजारी जमलेल्यांना म्हणायचा, जिभांनो, साथ द्या. म्हणजे काय करा? गप्प बसा! "गप्प बसणं ही पण जिभेचीच काम आहे," सर म्हणायचे. या एका कामात मी पटाईत होते.

दुसऱ्या वर्षाला प्रत्येकानं पन्नास वनस्पती गोळा करून, दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून द्यायच्या होत्या. कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी. तिच्यावर लॅटिन नाव, कुळ, ठिकाण. सरांनी त्या चिठ्ठीत स्वतःच्या डोक्यातला एक रकाना वाढवला होता... 'कोणाच्या तोंडून'. म्हणजे झाडाचं गावातलं नाव किंवा त्याची खूण ज्यानं सांगितली त्याचं नाव. "पुस्तकातली नाव कुणीतरी देते," सर म्हणायचे, "पण रानात त्याला हाक मारणारी वेगळी असते. तिची नाव नको काय?" मुलांनी त्या रकान्यात आजोबा, वैदू, गुराखी, मावशी अशी नावं भरून आणली.

मी गणपतीच्या सुट्टीला गावी गेले. भात गुडघ्याएवढं झालं होतं आणि तण काढायची भांगलण चालली होती. भातात भातासारखंच एक गवत येतं. रंग तोच, पान तेच, रोपाबरोबर लावणीलाही फसवून जातं. कणीस पडेपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही, आणि तोवर त्यानं खत खाऊन टाकलेलं असतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी मी मोठ्या ऐटीत वाफ्यात उतरले आणि तासाभरात आख्खी एक ओळ साफ केली. आई मागून आली. बांधावरची माझी पेंडी तिनं उचलली, बघितली आणि कपाळावर हात मारला. "आगं बये, भात उपटलंस की समदं! आन् गवात ऱ्हाऊ दिलंस. कालेजात ह्येच शिकिवत्यात व्हय?" शेजारच्या वाफ्यातल्या बायका हसून हसून वाकल्या. मग आईनं एक रोप धरलं, पान खोडापासून अंगठ्यानं मागं वाकवलं आणि सांध्यावर नख ठेवलं. तिथं पांढरा, कागदासारखा पातळ तुकडा उभा होता, टोकाशी दुभंगलेला. "ही बघ जीभ. ज्याला जीभ हाय, त्यो भात. जे मुकं हाय, ते उपट." दुसरं रोप वाकवलं. तिथं काहीच नव्हतं. गुळगुळीत.

मी चिखलात तशीच उभी राहिले. कारण आमच्या पुस्तकात त्या पांढऱ्या तुकड्याला लिग्यूल म्हटलं होतं, आणि लिग्यूल म्हणजे सरांच्या त्या लाडक्या शब्दाचं लेकरू, छोटी जीभ. रोमन माणसाला दिसलं तेच माझ्या आईलाही दिसलं होतं. तिला कुणी शब्दकोश दिला नव्हता. तिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही.

दोन्ही रोपं मी एकाच कागदावर शेजारी-शेजारी चिकटवली. डावीकडं भात, उजवीकडं गवत, आणि दोघांची पानं मागं वाकवलेली. खाली लिहिलं : 'जीभ असलेला भात, मुकं ते तण.' सर भिंग लावून कितीतरी वेळ बघत बसले. मग उठून उभे राहिले. "मुकं! कोण म्हणाली हे? कुणाच्या तोंडून?" आणि मी म्हणाले, "पुस्तकात वाचलं, सर."

का म्हणाले? त्याच्या महिनाभर आधी आई भाकरीचं गाठोडं घेऊन कॉलेजच्या दारात आली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, पायाला चिखल. "माझी प्वार हाय का वो हितं?" असं तिनं खड्या आवाजात विचारलं आणि दोन मुलींनी लगेच तिची नक्कल केली. त्यांनी मला विचारलं, कोण गं त्या? मी म्हणाले, ओळखीच्या आहेत, गावाकडच्या. आईनं ते ऐकलं की नाही, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. एकदा 'ओळखीच्या' म्हटल्यावर, आता त्या दोघींसकट सगळ्या लॅबसमोर 'आई' कुठल्या तोंडानं म्हणणार?

सरांनी माझ्याकडं बघितलं. चिठ्ठीतला रकाना मोकळा ठेवला. "आठवलं की सांग," एवढंच म्हणाले. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ते मला टोचले.

मग दिवस धावले. एमएस्सी झाले, नोकरी लागली, लग्न झालं. दर वर्षी बसवजयंतीला सरांकडं जायचे, त्यांच्या घरची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायचे, आणि निघताना उंबऱ्यावर प्रश्न यायचा, "आठवलं काय गं?" मी हसून "नाही अजून" म्हणायचे. एकदा त्यांनी हळूच जोडलं, "मराठीत अशी पुस्तक असती तर ती मी आधी वाचली असती." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या तोंडातलं नाव आपण काढून घ्यायचं नाही, ते त्यानंच द्यायचं, अशी त्यांची शिस्त.

गेल्या उन्हाळ्यात सरांना झटका आला. उजवा हात गेला. त्यांची मुलगी गौरी फोनवर रडत म्हणाली, "ताई, बाबांचं मराठी गेलं गं. सगळं गेलं. दवाखान्यात नीरु, नीरु करत होते. सिस्टरला कळेचना की पाणी मागतायत. आम्हालासुद्धा कन्नड चुलीपुरतंच येतं." चाळीस वर्षं चुका करत कमावलेली भाषा एका सकाळी निघून गेली, आणि लहानपणाची तेवढी राहिली. मी फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो स्वार्थी होता. आता सर तो प्रश्न विचारू शकणार नाहीत. दुसरा विचार त्याहून वाईट होता. आता मी उत्तर दिलं तरी...

भाद्रपदात मी गावी गेले आणि आईला म्हणालो, "चल, तुला माझ्या सरांच्यात नेतो." होय, आईशी मी अजूनही तसंच बोलते. ती म्हणाली, "मोकळ्या हातानं कशी येऊ?" आणि वाफ्यातून दोन रोपं मुळासकट उपटून ओल्या कागदात गुंडाळून घेतली. त्या चिठ्ठीची गोष्ट मी तिला कधीच सांगितली नव्हती. माणूस आजारी आहे, रानातला आहे, त्याला रान बघायला मिळावं, एवढंच तिच्या मनात.

सर खुर्चीत होते. डावी बाजू हसली, उजवी नाही. आईनं कागद सोडला, रोप सरांच्या मांडीवर ठेवलं आणि न सांगता सवयीनं पान अंगठ्यानं मागं वाकवलं. "ह्ये बघा सर, औंदा भात चांगला हाय. जीभ बघा किती मोठी." सर त्या अंगठ्याकडं बघत राहिले. भेगाळलेला, नखात चिखल. मग दुसरं रोप. "आन् ह्ये मुकं." सरांचे ओठ हलले. "नालिगे," ते म्हणाले. गौरी हळूच म्हणाली, "जीभ म्हणतायत." सरांनी माझ्याकडं मान वळवली, मोठ्या कष्टानं. "यारु?"

एवढं कन्नड कोल्हापुरात कुणालाही कळतं. कोण? तोच प्रश्न होता. फक्त भाषा बदलून आला होता. मराठीत सांगून भागणार नव्हतं. कन्नडची दोन अक्षरं कशीबशी जुळवून मी म्हणाले, "नम्म अव्वा, सर. नम्म अव्वा." माझी आई, असं म्हणायचं होतं. चुकलं असेल माझं. त्यांचं मराठी चुकायचं, तितकंच असेल.

सरांनी डोळे मिटले, तशी गालांवर पाणी ओघळलं. उघडले. डावा हात कपाळापर्यंत नेऊन आईकडं बघत आपल्या रीतीचा नमस्कार केला, "शरणु." आई घाबरून मागं सरली. "आवं सर, मला कशापायी? म्या काय क्येलं? गवात वळखलं..." मग सरांनी डाव्या हाताची तीन बोटं जुळवली आणि हवेत लिहिल्यासारखी हलवली. मला कळलं, तो मोकळा रकाना भरायचा होता. "लिहिते सर, नक्की लिहिते," मी म्हणाले. परतीच्या एसटीत आईनं विचारलं, "सर का रडलं गं?" मी म्हणाले, तुझ्यामुळं. आणि कॉलेजच्या दारातली ती गोष्ट मी तिला तिथंच सांगितली, 'ओळखीच्या' सकट. "ऐकलंतं म्या," ती म्हणाली. "भाकरी खाल्लीस का न्हाय त्या दिशी, त्येवढं सांग." खाल्ली होती. तेवढं सांगता आलं.

लिहायला मात्र गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, घटक चाचणी, दिवाळी... पंचवीस वर्षं उशीर केलेल्या बाईला तीन महिने काय! सर गेले.

गेल्या आठवड्यात मी जुन्या कॉलेजात गेले. विभागातलं ते लोखंडी कपाट उघडलं, तशी डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला आणि मी एकोणीस वर्षांची झाले. गठ्ठे चाळले. सगळ्यांचे रकाने भरलेले होते. माझा कागद सापडला. भात तांबूस झालाय, गवतही तांबूस झालंय, आता रंगावरून तर मुळीच ओळखू येणार नाहीत. भिंग लावलं. सांध्यावर तो पांढरा तुकडा अजून उभा आहे. खाली सरांच्या अक्षरात तारीख, आणि मोकळा रकाना. पेन काढलं. 'कोणाच्या तोंडून : हौसाबाई, माझी आई.' जागा कमी पडली. 'आई' रेघेबाहेर गेली. गेली तर गेली.

तिथूनच फोन लावला. "आई, तुझं नाव लिवलं बघ कालेजात."

"कशावर?"

"भातावर."

"आन् गवतावर?"

"दोन्ही एकाच कागदावर हाईत. दोन्हीवर झालं."

"गवतावर कशाला लिवलंस गं?" आई म्हणाली, "ते मुकं हाय की. त्येच्यावर तुझं लिव."